तुळशीतला करंट

जवाहरनगरच्या सरकारी वसाहतीत मला ‘मीटरवाल्या बाई’ म्हणतात. मी मीटर वाचत नाही, बिलं वाटत नाही, कोणाची लाईट कापत नाही. पण एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. माझं काम घराघरातली वायरिंग तपासण्याचं. ऊन तापायच्या आधी, लोक माळ्यावरचे कूलर खाली काढून त्यात नवं गवत भरायला लागले की आम्ही क्वार्टरामागून क्वार्टर घेतो. बोर्ड उघडायचे, जोड पाहायचे, मेगर लावून वायरमधून करंट कुठे झिरपतोय का ते मोजायचं, अर्थिंग धड आहे का बघायचं. आणि कूलरला हात लावायच्या आधी बटण बंद करा, हे दर वर्षी त्याच माणसांना त्याच आवाजात सांगायचं. आमच्या विदर्भात उन्हाळ्यात माणूस उन्हानं जातो तसा कूलरच्या करंटनंही जातो. तरी लोक चालू कूलरमध्ये ओल्या हातानं पाण्याचा पाईप सोडतात आणि वर मलाच विचारतात, "काही होते का बाई त्यानं?"

आम्ही येणार हे कळलं की वसाहतीत पळापळ होते. कॉईलच्या शेगडीला मनाई आहे आणि ती निम्म्या घरांत आहे. तांदळाच्या कोठीमागे, दिवाणात, गाद्यांच्या घडीत मी शेगड्या पाहिल्यात. एकीनं तर ती पाळण्यात ठेवून वर दुपटं पांघरलं होतं. मी बोर्ड उघडून बघतेय तोवर दुपट्यातून धूर निघायला लागला, आणि बाई म्हणते कशी, "आवाज नोका करू, बाळ झोपून हाये." बाळ आजीच्या मांडीवर बसून टकामका माझ्याकडे बघत होतं. मी तापट आहे, अशा वेळी माझं तोंड सुटतं. पण चहा घेतल्याशिवाय कोणी सोडत नाही, आणि चहा घेतल्यावर फार वेळ रागावता येत नाही.

या कामानं मला एक शिकवलं. माणूस कसा आहे ते त्याच्या बैठकीत बसून कळत नाही, स्विचबोर्डाचं झाकण काढलं की कळतं. बाहेरून चकाचक पट्टी आणि आत सगळ्या वायरी उघड्या, अशी घरं पुष्कळ. क्वचित कुठे बाहेरून ओबडधोबड दिसतं आणि आत एकेक जोड जीव लावून केलेला असतो. अशा घरात मी जरा जास्त वेळ काढते.

हे सगळं परक्यांच्या घरात. माझ्या माहेरी, कोंढ्याला, मला बोर्डाला हात लावायची बंदी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच घरी होता.

बंदी बाबांची. बाबा धानाचे शेतकरी आणि शेतीतून उरलेल्या वेळात, कोणीही न नेमलेले, वायरमन. बघून बघून शिकलेले. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला तेव्हा गावात लोक म्हणाले, पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं का आता? बाबा सायकल काढून ज्याच्या-त्याच्या दारात गेले आणि माझ्या ट्रेडचं कौतुक सांगून आले. पण घरात मात्र मी टेस्टर काढला की तो माझ्या हातातून घेऊन आपल्या खिशात टाकत. "तू सरकारी लाईट पाय," म्हणत, "घरची मी पायतो." घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय!

मागच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपल्यावर, बाबा एक दिवस दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी एकुलती एक. आईला जवाहरनगरला न्यायचं असं मी ठरवलं, आईनं ठरवलं नाही. "माझं घर हाये, माझी तुळस हाये," एवढंच ती म्हणाली आणि विषय संपला. हिवाळाभर ती निम्मी होत गेली. फोनवर ‘हो’ आणि ‘नाई’ याच्या पलीकडे शब्द नाही. शेजारच्या काकू मला सांगत, ताटातलं अर्धं जेवण कुत्र्यापुढं जाऊन राहिलं. मी सुटी मिळेल तेव्हा जात होते, तिच्यासमोर बसत होते, आणि ती माझ्या खांद्यावरून अंगणाकडे बघत बसायची. मला वाटायचं, बाबांच्या मागोमाग हीसुद्धा जाते की काय.

मग होळी झाली आणि तिच्या आवाजात काहीतरी फिरलं. ती फोनवर आपणहून बोलायला लागली. कोणाची म्हैस व्याली, मोहाची फुलं यंदा कमी पडली, लाखोळीची डाळ भरडून ठेवली आहे, येशील तेव्हा घेऊन जा. जेवलीस का विचारलं तर "दोनदा" म्हणाली आणि चक्क हसली. मला इतका आनंद झाला की कारण विचारायचं सुचलंच नाही. दुःखाला काळासारखं औषध नाही, असं मी वसाहतीतल्या शेजारणीला ठासून सांगितलंसुद्धा.

उन्हाळा चढला तशी मला आईच्या कूलरची काळजी लागली. वायरिंग बाबांच्या हातची, कूलर जुना आणि बाई घरात एकटी. मी सुटी काढली, पिशवीत माझा मीटर, पकड, टेस्टर, रबरी बूट आणि एक नवी डबी टाकली. ही डबी मेन स्विचपाशी बसवायची. करंट कुठे गळायला लागला की ती आपोआप लाईट तोडते. असा सगळा सरंजाम घेऊन मी कोंढ्याला गेले.

आईनं पिशवीतली पकड बघितली आणि तिचा चेहराच बदलला.

"काही काढाचं नाई," ती म्हणाली. "त्याइनं केलेली फिटिंग हाये. तिले काय होते?"

"काढत नाई, माय. नुसती तपासतो."

"नुसतीच?"

"नुसतीच."

तरी तिचा विश्वास नव्हता. मी स्टुलावर चढले की ती खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहायची. मी पडेन म्हणून नव्हे, मी काही तोडेन म्हणून. एकेका बोर्डाचं झाकण काढत गेले आणि आत मला बाबा भेटत गेले. प्रत्येक जोडावर सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, पट्टीवर दोरा, आणि दोऱ्याची गाठ तीच, जी ते धानाच्या भाऱ्याला मारत. भिंतीतल्या भोकाच्या धारेनं वायर कापली जाऊ नये म्हणून तिथं चिंधी कोंबलेली. आईच्या खोलीतल्या बटणावर, अंधारात सापडावं म्हणून, चुन्याचा पांढरा ठिपका. आणि या सगळ्या मायेच्या सोबतीनं चुकाही तितक्याच. फ्यूजला जाडजूड तार, म्हणजे घर जळेल पण फ्यूज जळणार नाही. देवघरातल्या बल्बचं बटण भलत्याच वायरवर, म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट आहेच. वसाहतीत असतं तर मी अर्ध्या घरावर लाल खूण केली असती. मी मनातल्या मनात बाबांना रागावत होते आणि माझे डोळे भरून येत होते. खालून आई विचारत होती, "बरोबर हाये ना?" मी म्हणाले, "हो, माय. मस्त केलं हाये त्याइनं."

तोवर दिवस मावळला. कूलरची लाईन मी दुसऱ्या दिवसावर ठेवली. आईला बीपी आहे, उकाडा तिला सोसत नाही. कूलरशिवाय तिचा डोळा लागत नाही.

सकाळी जाग आली तेव्हा कूलर चालूच होता. खिडकीतून अंगण दिसत होतं. आईची आंघोळ झालेली, केस ओले, चप्पल पायरीशी काढून ती अनवाणी तुळशीपुढे उभी. आमची तुळस चांगली कमरेएवढी वाढलेली. ती कलंडू नये म्हणून बाबांनी तिच्या बुडाशी एक लोखंडी सळई रोवली होती आणि खोड चिंधीनं सळईला बांधलं होतं. आईनं तांब्यातलं पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मग हात जोडायच्या ऐवजी तिनं ती सळई मुठीत धरली. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण त्याचा हात धरतो, तशी. डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं काही स्तोत्र म्हणते आहे. खिडकीशी जाऊन कान दिला तर ती म्हणत होती, "पोरगी आली हाये. काल सगळं घर पायलं तिनं. मस्त केलं म्हने."

आणि तिचा हात मनगटापासून कोपरापर्यंत बारीक थरथरत होता.

ती थरथर मी ओळखते. माझा धंदाच तो. करंट लागलेल्या माणसाला आधी हात लावायचा नसतो, आधी लाईट तोडायची असते. मी आईकडे न धावता मेनकडे धावले आणि तो खाली ओढला. कूलर घरघरत थांबला. अंगणात आईनं डोळे उघडले, सळई सोडली, पुन्हा धरली, आणखी घट्ट धरली. मग माझ्याकडे वळून ओरडली, "काय केलं तू? काय केलं?"

मी तिला ओढतच पायरीवर आणून बसवलं. ती संतापानं लाल झाली होती.

"होळीपासून येतात," ती म्हणाली.

"कोन?"

"तुये बाबा. सळई धरली का हातातून झिनझिन येते. पयल्या दिवशी मी घाबरली. मंग समजलं. त्याइनं आपल्या हातानं रोवलेली सळई हाये ना ते. मी रोज सारं सांगत असतो त्याइले."

मला तिच्या जेवणाचं, हसण्याचं, फोनवरच्या गप्पांचं कारण तेव्हा कळलं. आणि हे कारण तिला कोणत्याही दिवशी मारून टाकणार होतं.

मी काय करणार? मला जे येतं ते केलं. तिला चप्पल घालून पायरीवर उभं केलं, मेन पुन्हा टाकला, कूलर चालू झाला, आणि सळईला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला. मग कूलरच्या बोर्डाचं झाकण काढलं आणि बाबांची करामत बाहेर आली. कूलरला दोन वायरी लागतात. एकीनं करंट येतो, दुसरीनं परत जातो. खांबावर या परतीच्या वायरचा जोड कधीतरी कच्चा झाला असणार, त्यामुळे घरात व्होल्टेज पडत असणार आणि कूलरचा पंखा रडतखडत फिरत असणार. अशा वेळी आमच्या खेड्यांत लोक एक युक्ती करतात. लोखंडी सळई ओल्या मातीत ठोकतात आणि परतीची वायर तिला बांधतात. खांबावरच्या वायरचं काम मातीकडून करून घेतात. माती जितकी ओली तितका पंखा जोरात. आणि आमच्या अंगणात रोज न चुकता पाणी पडणारी जागा एकच होती. बाबांनी वायर भिंतीतून, फरशीखालून नेऊन तुळशीतल्या सळईला जोडली होती. खोडाला आधार हे वरचं निमित्त.

मी हे सगळं आईला सांगितलं, तिच्या भाषेत, जमेल तितकं हळू. ती ऐकत होती पण मानत नव्हती.

"सळई आज ठोकली का?" तिनं विचारलं. "किती उन्हाळे झाले तिले. रोज पानी घातलं मी, रोज हात लागे. मंग ते होते तवा काहून नाई आली झिनझिन? ते गेल्यावरच काहून आली?"

तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्या मीटरजवळ त्याचं उत्तर नव्हतं.

"पाय," ती म्हणाली, "तुले नाई माहीत. तुया टेस्टरले काय समजते?"

"माय, माती आनखी वाळली तर एखाद्या दिवशी हात सुटनार नाई तुझा. तिथंच जाशील."

"जाईन तं त्याइच्याकडंच जाईन."

हे तिनं इतकं सहज म्हटलं की मला रागच आला. मी नको ते बोलले. म्हणाले, तुला नवरा दिसतो, पोरगी दिसत नाही. मी पकड उचलली, तशी ती शांतपणे म्हणाली, "तोड. तू उद्या गेली का कोनाले तरी सांगून जोडून घेईन." आणि तिनं जोडून घेतलं असतं. गावात बाबांसारखे वायरमन काही कमी नाहीत. वायर तोडून भागणार नव्हतं. तिच्या मनातून ती झिणझिण निघायला हवी होती, आणि ती निघाली की आई पुन्हा हिवाळ्यातल्यासारखी होणार, हेही मला दिसत होतं. मी पकड हातात घेऊन तशीच बसून राहिले.

आमचा आवाज ऐकून शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. सकाळी सकाळी मायलेकी भांडतात म्हणजे काय, हे विचारायला. मी एवढंच सांगितलं, की तुळशीत लाईट उतरली आहे, हात लावू नका. काकू दुरूनच तुळशीकडे बघत राहिल्या.

"माती पाय किती फाटली वं," त्या आईला म्हणाल्या. "भाऊजी होते तवा भर उन्हाळ्यात बी इथं चिखल राहे."

"मी पानी घालून राहिली ना रोज," आई म्हणाली.

"तांब्याभर पान्यानं काय होते? भाऊजी बादलीच्या बादली वतत."

"कवा?"

"पहाटेस. तू उठाच्या आंधी. उन्हाळा लागला का त्याइचं हे सुरू. मी गाय दोहाले उठल्यावर रोज पायलं. एक दिवस म्हनलं, काय भाऊजी, जिंदगीत देवाले हात नाई जोडला आन तुळशीची एवढी भक्ती? तं म्हनाले, आमच्या घरी सांगू नोका."

आई काकूंकडे बघत राहिली. "मले नाई सांगितलं कधी," ती म्हणाली.

मला मात्र सगळं लख्ख दिसलं. बाबांना माहीत होतं. एखाद्या उन्हाळ्यात माती सुकल्यावर सळईनं त्यांना चावा घेतला असणार, आणि त्यांच्या लक्षात आलं असणार की ओल्या मातीत ती चावत नाही. वायर काढावी तर कूलर बंद. कूलर बंद तर आई उकाड्यानं तळमळणार. ठेवावी तर आई रोज सकाळी अनवाणी, ओल्या हातानं तिथंच जाणार. मग या माणसानं काय करावं? दर उन्हाळ्यात, दर पहाटे, ती उठायच्या आत, मातीला भरपूर पाणी पाजलं. घरात इलेक्ट्रिशियन मुलगी असताना! मला एका शब्दानं विचारलं असतं तर मी लाईनमनला घेऊन येऊन खांबावरचा जोड नवा करून घेतला असता. पण आपल्या फिटिंगमध्ये खोट आहे हे पोरीला कसं सांगायचं? मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. आणि इतकं प्रेम त्यांच्यावर मी ते जिवंत असताना केलं नसेल.

मी आईला समजावलं. होळीला कूलर लागला, पण पहाटे पाणी घालणारा गेला होता, तुझं तांब्याभर पाणी पुरेना, माती फाटेपर्यंत वाळली, म्हणून झिणझिण तुला पहिल्यांदाच आली.

तिनं माझ्या पिशवीकडे बोट केलं. मग म्हणाली, "दाखव."

मी मीटरची एक वायर सळईला लावली, दुसरी दूर जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला, आणि काट्याचा मीटर आईपुढं पायरीवर ठेवला. "हा काटा वर असला का झिनझिन जास्त, खाली असला का कमी," एवढं सांगितलं. कूलर चालू होता. काटा बराच वर होता. काकू नळाखाली बादल्या भरत होत्या आणि मी लांबून, पायात रबरी बूट घालून, त्या तुळशीच्या बुडाशी ओतत होते. फाटलेली माती घटाघटा पाणी प्यायली. काटा हलला. आणखी ओतलं, आणखी उतरला. "आनखी वत," आई म्हणत होती. मातीचा चिखल झाला, ओट्यावरून ओघळ आला, आणि काटा उतरत उतरत जवळजवळ तळाला जाऊन टेकला.

आई त्या काट्याकडे बघत होती. काकू काही बोलणार होत्या, मी त्यांना डोळ्यानं थांबवलं.

"म्हनजे ते होते तवर त्याइनं मले लागू नाई देल्लं," आई म्हणाली.

"हो, माय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "तोड ते वायर."

मी मेन पाडून वायर तोडली, भिंतीच्या आतपर्यंत उपटून काढली. दुपारी लाईनमन आला, त्यानं खांबावर चढून जोड नवा केला, कूलरची परतीची वायर मी जिथं असायला हवी तिथं नेली आणि मेनपाशी नवी डबी बसवली. फ्यूजची जाड तार काढली, देवघरातलं बटण सरळ केलं. या वेळी आईनं स्टूल धरलं नाही. ती अंगणातच होती.

काम संपवून मी मेन टाकला. कूलर चालू झाला, पंखा पूर्वी कधी फिरला नसेल इतक्या जोरात फिरायला लागला. "माय, झालं," मी दारातून म्हणाले. तिनं चप्पल काढली, चिखलातून तुळशीपाशी गेली आणि सकाळसारखीच सळई मुठीत धरली. मला तिला थांबवायचं कारण उरलं नव्हतं. ती उभी राहिली. डोळे मिटले, पुन्हा उघडले, मूठ सैल करून पुन्हा आवळली, दुसऱ्या हातानं धरून पाहिली.

बाबा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती. आलेल्यांना पाणी दे, चटया अंथर, हेच करत राहिली. बायका म्हणत होत्या, तिला रडू द्या, पण तिला रडूच येत नव्हतं, आणि पुढेही आलं नाही.

मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. तिनं सळई सोडली, वळली आणि माझे दोन्ही हात धरले. मग, मला ही बातमी अजून कोणी दिलीच नसावी अशा आवाजात, ती म्हणाली, "बाई, तुये बाबा गेले वं."